मी फेअर केलेलं जर्नल

ये, अशी जवळ ये बघू जरा. कागद हातात धरून उभ्या उभ्या वाचू नकोस, बूड टेक. दोघी एकाच आयर्लंडात राहतो, तरी दीड वर्ष झालं तुला ट्रलीहून इकडं नावनला येऊन, आणि आता आठवण झाली ती कशासाठी, तर ‘मावशी, तुझ्या नातीनं एका वर्षात तीन-तीन सायन्स कशी काढली गं, आमच्या कार्टीला जरा सांग की.’ मावशीचा गुडघा कसा आहे, मावशी जेवते का, ते राहू दे बाजूला. सायन्स! बहिणीची मुलगी आहेस म्हणून सोडून देते. फोनवर मी ‘सावकाश सांगीन’ म्हटलं, कारण मागं सूनबाई भाजी चिरत उभी होती आणि ही हकिगत तिच्या कानावर पडेल अशी सांगण्यासारखी नाही. म्हणून लिहून काढतेय. सातवी शिकलेल्या बाईचं लिखाण आहे, चुका असतील त्या पोटात घाल. पण अक्षराला नावं ठेवायची नाहीत. अक्षर माझं चांगलंच आहे, आणि सगळा घोळ त्या अक्षरानंच घातला.

तुला माहीतच आहे, नातीला मेडिकल मिळालं ते सहा वर्षांचं. शाळेत तिनं बायॉलॉजी तेवढं घेतलं होतं. बाकी आर्ट, भूगोल, फ्रेंच असले तिला आवडतील ते विषय. अशा मुलांना आधी एक वर्ष प्रीमेड करावं लागतं. केमिस्ट्री, फिजिक्स, बायॉलॉजी आणि वर तोंडी लावायला स्टॅटिस्टिक्स. म्हणजे इतर मुलं जे दोन वर्षं चघळतात ते हिनं दोन टर्ममध्ये गिळायचं. पास झाली तर पुढं मेडिकल, एका विषयात जरी राहिली तरी वर्ष गेलं आणि कदाचित जागाही गेली. असा साधा सरळ मामला.

पण साधं सरळ आपल्या लोकांना कुठं चालतं? जागा मिळाल्याचं पत्र आलं त्या दिवशी पेढे झाले, आणि पुढच्याच रविवारी नावनमधली निम्मी मराठी मंडळी आमच्या बैठकीत. एका बाईंनी पोरीपुढं गुडघा उघडा केला. दुसऱ्या गृहस्थांनी कॉलर खाली ओढून मानेवरचा तीळ दाखवला, ‘बघ गं डॉक्टर, वाढलाय का?’ बिचारीचं कॉलेज सुरू व्हायला अजून तीन आठवडे होते. मी म्हटलं, अहो, प्रीमेड म्हणजे अजून माणसापर्यंत पोचलेली नाही ती. सध्या मीठ आणि पाणी एवढंच चालू होणार आहे. तर गृहस्थ म्हणतात, ‘आजी, डॉक्टरचा डोळा जन्मजात असतो.’ असतो तर असो. तीळ तिनं पाहिला, म्हणाली, ‘इट्स ग्रँड.’ गृहस्थ इतके खूश झाले की दोन पेढे जास्त खाल्ले.

पोरीचं बोलणं सगळं इंग्रजीत, ते तुला ठाऊक आहे. मराठी कळतं सगळं, शिव्यासुद्धा, पण उत्तर यायचं ते इथल्याच सुरात. मी इथं माझ्या भाषेत उतरवतेय, तिचा ‘ग्रँड’ तेवढा तसाच ठेवते; इथं ‘ठीक आहे, चालतंय’ अशालाही ग्रँडच म्हणतात. त्याला नेमका दुसरा शब्द मला सापडला नाही.

तर कॉलेज सुरू झालं. सकाळी साडेसहाला घरातून बाहेर, बसनं डब्लिन, नऊला पहिलं लेक्चर. आठवड्यातल्या दोन दुपारी लॅब, पाच वाजेपर्यंत. परत घरी यायला साडेसात. येताना बसमध्ये वाचायची म्हणून वाचत बसायची आणि घराच्या दोन स्टॉप पुढं जाऊन उतरायची. मग पावसात मागं चालत. आठवड्याला एक छोटी परीक्षा, दर पंधरा दिवसांनी एक मोठी. मी तिला ताट वाढायचे, ती एका हातानं जेवायची आणि दुसऱ्या हातानं त्या कार्बनच्या षटकोनी आकृत्या काढायची. एकदा पोळीच्या तुकड्यावर आमटीनं षटकोन काढला आणि खाऊन टाकला. मला वाटलं, चला, अभ्यास पोटात गेला.

एवढ्यावर ठेवलं असतं तरी पोरीनं निभावलं असतं. पण घरात मदत करणारी माणसं होती ना!

माझा मुलगा, तुझा मावसभाऊ, आठवड्यातून दोन दिवस डब्लिनच्या पलीकडं चेरीवूडला ऑफिसात जातो आणि पाच दिवस घरातल्यांना ऑफिस शिकवतो. त्यानं स्वयंपाकघरात फ्रिजच्या शेजारी एक पांढरा बोर्ड लावला. त्यावर तीन खण: करायचं, चालू आहे, झालं. प्रत्येक धड्याची एक पिवळी चिठ्ठी. पहिल्या आठवड्यात ‘करायचं’ या खणात इतक्या चिठ्ठ्या झाल्या की फ्रिजचं दार उघडलं की वाऱ्यानं दोन-चार पडायच्या, आणि मी त्या उचलून दिसेल त्या खणात लावायचे. अशी माझ्या हातून थर्मोडायनॅमिक्स दोनदा ‘झालं’.

वर रोज संध्याकाळी आठला उभ्यानं मीटिंग. सगळ्यांनी. मलासुद्धा.

‘आई, काल काय केलंस, आज काय करणार आणि अडथळा काय आहे, एवढंच सांगायचं.’

‘काल मुगाची खिचडी केली. आज कढी करणार होते.’

‘आणि अडथळा?’

‘अडथळा हा की तू ओट्यासमोर उभा आहेस.’

पोर हसली. सूनबाई नाही हसली. ती अशा बाबतीत नवऱ्याच्या एक पाऊल पुढंच. तिनं पुण्यातले एक सर शोधून काढले, फिजिक्सचे. ते रविवारी सकाळी सहाला पडद्यावर यायचे, कारण त्यांच्याकडं तेव्हा क्लासची मधली वेळ. सर जो पोर्शन शिकवायचे तो इथल्या कॉलेजात नव्हताच. पोरीनं सांगितलंही, ‘मम्मा, हे आम्हाला नाहीये.’ तर सूनबाई म्हणाली, ‘असू दे, पाया पक्का होतो.’ पोर चांगल्या झोपेच्या वेळी पाया पक्का करत बसायची, डोळे मिटून. सरांना वाटायचं नेटवर्क गेलं.

आता मी शहाणी आणि ते दोघे येडे असं वाटून घेऊ नकोस. माझी पाळी आता येतेय.

केमिस्ट्रीच्या लॅबची एक वही असते. जाड पुठ्ठ्याची, पानांना नंबर छापलेले. कॉलेज सांगतं, प्रयोग करताना जे दिसेल ते तिथंच, उभ्या उभ्या, पेनानं लिहायचं. चुकलं तर एक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. खोडायचं नाही, पान फाडायचं नाही. टर्म संपताना वही द्यायची, तिचे मार्क. हे सगळं वहीच्या पहिल्या पानावर छापलेलं होतं. मी नंतर वाचलं.

नोव्हेंबरातली गोष्ट. बायॉलॉजीची आणि फिजिक्सची परीक्षा एकाच आठवड्यात आली. पोर सोमवारी मैत्रिणीच्या खोलीवर डब्लिनला राहायला गेली, चार दिवस, म्हणजे येण्याजाण्याचे तास वाचतील. केमिस्ट्रीची वही पुढच्या सोमवारी द्यायची होती म्हणून ती घरीच टेबलावर ठेवून गेली. मंगळवारी सकाळी मुलगा चहा पिता पिता ती उघडून बसला.

‘आई, हे बघ. हे बघ काय आहे!’

मी चष्मा लावला. अगं, काय सांगू! वही होती की युद्ध? पानावर निळे डाग, कुठं पाण्याचा ओघळ. आकडा लिहिलाय, त्यावर रेघ, बाजूला दुसरा आकडा, त्यावरही रेघ, खाली लिहिलंय, ‘रंग फार लवकर बदलला, बहुतेक मी जास्त सोडलं.’ पुढच्या पानावर, ‘परत चुकलं. का?’ कोपऱ्यात एक लहानसं सँडविच काढलेलं. भूक लागली असणार.

‘ही वही देणार ही?’ मुलगा म्हणाला. ‘ही तर रफ आहे. फेअर कधी करणार?’

‘वेळ कुठंय तिला,’ मी म्हटलं.

आणि आम्ही दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. तो बारावीत असताना त्याचं जर्नल कुणी लिहिलं होतं, विसरलीस का? तूही तेव्हा शेजारी बसून आकृत्यांना नावं देत होतीस. बेडकाची आतडी मी काढलेली, जास्वंदीचा उभा छेद मी काढलेला. एका बाजूला कोरं पान, त्यावर पेन्सिलीनं आकृती. दुसऱ्या बाजूला रेघांचं पान, त्यावर पेनानं मजकूर. मास्तरांनी वर्गात सगळ्यांना दाखवलं होतं. मुलगा पुढं इंजिनिअर झाला तो माझ्या बेडकाच्या आतड्यांवर, असं मी अजून मानते.

दुकानातून तशीच जाड वही आणली. खाकी कव्हर घातलं. लाल पेनानं समास आखले. मंगळवार, बुधवार, गुरुवार, रोज दुपारी जेवण झालं की बसायचे. आठ प्रयोग. इंग्रजी मला येतं तेवढं मी स्वतःच शिकलेय, वाण्याच्या पुड्यांवरून आणि नंतर टीव्हीवरून, त्यामुळं समजत होतं थोडं, पण अक्षर मात्र काढत होते सगळं. ‘परत चुकलं’ वगैरे गाळलं. सँडविच गाळलं.

संध्याकाळी मुलगा तपासायला बसायचा. एका प्रयोगात काचेच्या लांब नळीतून थेंब थेंब सोडायचं आणि रंग बदलला की किती लागलं ते लिहायचं, असं तीनदा. पोरीचे तीन आकडे तीन तऱ्हेचे.

‘हे बरोबर नाही,’ मुलगा म्हणाला. ‘तिन्ही सारखे यायला हवेत. सीबीआर म्हणतात त्याला, कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग. आम्ही कायम सारखंच लिहायचो.’

‘सारखं यायचं का पण?’

‘आई, लिहायचो.’

‘आणि सर?’

‘सरांनीच सांगितलं होतं.’

मग त्यानं उत्तर किती यायला पाहिजे ते काढलं, तिथून मागं मागं हिशेब करत आला, आणि तीन ठिकाणी एकच आकडा मला सांगितला. मी लिहिला. असं आठपैकी तीन प्रयोगांत झालं. माझ्या हातानं, माझ्या सुंदर अक्षरात.

शुक्रवारी सकाळी हिरवा डबा न्यायला गाडी येते, रद्दीची. घरात दोन वह्या कशाला, पोर गोंधळेल, म्हणून डागाळलेली वही मी डब्यात टाकली. नुसती टाकली नाही गं, पुठ्ठा वेगळा काढून टाकला, कारण इथं तसं टाकायचं असतं. किती ती शिस्त!

शुक्रवारी संध्याकाळी पोर आली. परीक्षा बऱ्या गेल्या होत्या, चेहरा मोकळा होता. मी वही तिच्यापुढं ठेवली. मला वाटलं, मिठी मारेल.

तिनं पहिलं पान पाहिलं. दुसरं पाहिलं. मग भराभर शेवटपर्यंत.

‘आजी, माझी वही कुठंय?’

‘हीच. फेअर करून ठेवली.’

‘नाही, माझी. माझी कुठंय?’

सांगितलं. ती तशीच बाहेर गेली, सपाता घालून, आणि हिरव्या डब्यात डोकं घातलं. डबा रिकामा. आत आली तेव्हा चेहरा चुन्यासारखा पांढरा. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. हळूच म्हणाली, ‘तिथं मी काय केलं ते होतं. हे तर कुणीच केलेलं नाही.’

मुलगा बाहेर आला. ‘अगं, घाबरतेस काय? मूळच्यापेक्षा चांगली आहे. कोण विचारतंय? दीडशे मुलांच्या वह्या असतात, वजन करून मार्क देतात.’

‘डॅड, इथं वाचतात.’

‘सगळीकडं असंच असतं बेटा.’

 शनिवार-रविवार पिवळ्या चिठ्ठ्यांत तिच्या हातून एकही हलली नाही. सोमवारी तिनं ती वही दिली. का दिली, असं तू विचारशील. मीही विचारलं नंतर. म्हणाली, दुसरी काही नव्हती, सोमवारी तीन लेक्चर आणि एक टेस्ट होती, आणि तेव्हा भांडायला माझ्यात जोर नव्हता. खरं सांगते, हे वाक्य माझ्या छातीत अजून आहे.

नऊ दिवसांनी मेल आला. लॅबच्या मुख्य बाईंनी तिला बोलावलं होतं. वहीतल्या नोंदी तिच्या आहेत का, यावर बोलायचं होतं. खोट्या नोंदी केल्या असं ठरलं तर केमिस्ट्री नापास, आणि ती गोष्ट तिच्या फाइलवर. डॉक्टर होऊ पाहणाऱ्या मुलीच्या फाइलवर, म्हणजे विचार कर. केमिस्ट्री गेली की वर्ष गेलं, वर्ष गेलं की मेडिकल. ज्या पेढ्यांची चव अजून लोकांच्या जिभेवर होती, ते सगळं माझ्या लाल समासाच्या आत येऊन अडकलं.

त्या संध्याकाळी आठची मीटिंग अर्थातच झाली. मुलानं एक नवी चिठ्ठी लावली. त्यावर लिहिलं, ‘स्टोरी’.

‘आपण असं सांगू,’ तो म्हणाला, ‘की मूळ वहीवर चहा सांडला. म्हणून तू रातोरात उतरवून काढलीस.’

‘चहा नको,’ सूनबाई म्हणाली, ‘ही चहा पीत नाही, त्यांना माहीत असेल. ज्यूस म्हण.’

‘ज्यूसनं अख्खी वही जाते का?’

‘मग पाईप फुटला म्हण.’

‘पाईप फुटला तर इन्शुरन्सचा कागद मागतील.’

ही दोघं, बाई, भल्या मोठ्या कंपन्यांत कामं करणारी, मुलीला अठरा वर्षं ‘खरं बोलावं’ शिकवणारी, ओट्याला टेकून पाईप फोडत होती. मी म्हटलं, ‘आणि अक्षराचं काय? अक्षर पाईपातून आलं का? ते एका म्हातारीचं आहे, दुधाच्या नोंदीवर तेच आहे, देवाच्या फोटोमागंही तेच आहे. मी लिहिलं आणि मी टाकलं. मला घेऊन चला, मी सांगते.’

‘आई, तुला यात पडायचं काही कारण नाही.’

‘पडायचं? मी तळाशी आहे, बाबा.’

 मग पोरीनं ती ‘स्टोरी’ची चिठ्ठी काढली, चुरगळली आणि माझ्यासमोर कोरा कागद ठेवला.

‘आजी, कुठले आकडे बदलले ते तुला आठवतात?’

आठवत होते. मला दूधवाल्याचे चाळीस वर्षांपूर्वीचे आकडे आठवतात, हे का नाही आठवणार? मी लिहायला बसले. कुठल्या प्रयोगात तिनं काय लिहिलं होतं, कशावर रेघ मारली होती, आम्ही काय केलं. कुठल्या पानावर ‘परत चुकलं. का?’ होतं. मुलगा मागून म्हणत होता, ‘आई, इतकं डिटेल नको.’ मी त्याच्याकडं न बघता लिहीत होते. एका आकड्याची खात्री नव्हती, तिथं तसं लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदा मी कागदावर खाडाखोड केली आणि तशीच ठेवली.

भेटीला तिनं बापाला येऊ दिलं नाही. आईलाही नाही. मला म्हणाली, ‘तू बसनं सोबत ये, पण बाहेर बसायचं.’  बसमध्ये ती खिडकीतून मेंढ्या बघत होती, मी तिचे हात. नखांच्या कडा चावून चावून लाल झालेल्या.

आत ती वीस-पंचवीस मिनिटं होती. मी बाहेर बाकावर. समोर भिंतीवर त्या मूलद्रव्यांचा मोठा तक्ता लावलेला, तो मी तीनदा वाचला. मग दार उघडलं आणि एक बाई बाहेर आल्या. पन्नाशीच्या, साधा लोकरी कोट, केस विस्कटलेले. माझ्या शेजारी येऊन बसल्या. हातात माझी ती खाकी वही.

म्हणाल्या, अक्षर फार सुंदर आहे हो.

मी म्हटलं, हो, त्याची सजा चालू आहे.

त्या हसल्या. मी माझ्या मोडक्या इंग्रजीत विचारलं, तुम्हाला कळलं कसं? अक्षरावरून?

नाही म्हणाल्या. अक्षर कुणाचं कसंही असतं. पण तीस वर्षं मी हा प्रयोग करतेय, माझेसुद्धा तीन आकडे कधी तंतोतंत सारखे आले नाहीत. तुमच्या नातीचे तीन प्रयोगांत आले. मला वाटलं, एक तर ही मुलगी खोटं लिहितेय, नाही तर मी नोकरी सोडून तिच्याकडं शिकायला जावं.

मी त्यांना म्हटलं, पोरीनं नाही केलं हे. त्या म्हणाल्या, तिनं सांगितलं मला. कोणी काय केलं सगळं सांगितलं, आणि वही देताना तिला माहीत होतं हेही सांगितलं. ते तिनंच केलं.

 

ठरलं असं, की त्या वहीला शून्य. तीन प्रयोग तिनं पुन्हा करायचे, एप्रिलात, सुट्टीच्या आठवड्यात लॅब उघडतात तेव्हा. आणि ते कितीही चांगले केले तरी मार्क फक्त पास होण्यापुरते. एक लेखी ताकीद. केमिस्ट्रीचं उरलेलं सगळं आता पेपरवर. म्हणजे दोर तुटला नव्हता, पण एका धाग्यावर आला होता.

आता तुझ्या प्रश्नावर येते. सगळी सायन्स तिनं काढली कशी?

घरी आल्यावर तिनं बोर्ड उतरवला. बापासमोर. पुण्याच्या सरांना स्वतः मेसेज टाकला, थँक्यू म्हणून. मग जेवताना तिनं जाहीर केलं की फिजिक्समध्ये ती चाळीस टक्क्यांचा अभ्यास करणार. चाळीसला पास आहे, चाळीस घेणार, आणि उरलेला वेळ केमिस्ट्रीला देणार.

मुलाच्या हातातला घास तसाच राहिला.

‘चाळीस? काठावर? आपल्या घरात?’

‘हो.’

‘अगं लोक काय म्हणतील?’

‘ते मला गुडघे दाखवणार नाहीत. बरं होईल.’

‘पण तुला नव्वद पडू शकतात!’

‘डॅड, सगळीकडं नव्वद आणायला गेले म्हणून तर माझी वही तुमच्या हातात पडली.’

सूनबाईनं डोळ्याला पदर लावला असता, पण तिनं टी-शर्ट घातला होता. मी ताटाकडं बघत जेवत राहिले. मनात म्हटलं, वा गं पोरी.

झालं मग तसंच. तिनं प्रत्येक विषयातलं काय सोडायचं ते आधी ठरवलं आणि मग अभ्यासाला बसली. आपल्याकडं मुलं सगळं करतात आणि मग रडतात. एप्रिलातल्या सुट्टीत बाकीची मुलं फिरायला गेली, ही सकाळच्या बसनं लॅबला. परत यायची तेव्हा बाहीवर डाग. वही तिच्या पिशवीत. मी त्या पिशवीला हात लावला नाही, धुवायलासुद्धा नाही. मुलगा एकदा म्हणाला, ‘आकडे कसे आले गं?’ ती म्हणाली, ‘वेगवेगळे.’ आणि वर गेली. तो जिन्याकडं बघत उभा राहिला. माझ्याच पोटचा आहे, त्याला वाईट वाटतं तेव्हा मान कशी पडते ते मला ठाऊक आहे.  पण त्याची मान पडायला हवीच होती, आणि माझीही.

जूनमध्ये निकाल लागला. बायॉलॉजी छान. स्टॅटिस्टिक्स ठीक. फिजिक्स त्रेचाळीस, म्हणजे तीन मार्कांचा अभ्यास वाया गेला असं ती म्हणाली. केमिस्ट्री सत्तेचाळीस. पास. सगळ्यांत पास. मेडिकलची जागा कायम. या वेळी पेढे झाले नाहीत. मुलानं मंडळींना ‘पास झाली’ एवढंच कळवलं, टक्के विचारले तर ‘इथं टक्के सांगत नाहीत’ म्हणाला. बघ, सवय एका वर्षात जात नाही.

आणि त्याच संध्याकाळी पोरीनं सांगितलं की सप्टेंबरपासून ती डब्लिनला खोली घेऊन राहणार, दोन मैत्रिणींबरोबर.

‘घर असताना?’ सूनबाई.

‘बस दीड तासाची तर आहे,’ मुलगा.

ती म्हणाली, ‘तिथं माझा पसारा कुणी आवरणार नाही.’

रागानं नाही म्हणाली, तेच तर लागलं. मग माझ्या खुर्चीच्या हातावर येऊन बसली, माझ्या खांद्यावर हनुवटी टेकवली आणि म्हणाली, ‘आजी, तू पत्र लिही मला. पत्राचं अक्षर चालेल.’ मी म्हटलं, लिहीन, पण तू उत्तर मराठीत द्यायचं. ‘ग्रँड,’ म्हणाली. देणार नाही, मला माहीत आहे.

तर अशी काढली सायन्स. हे तुझ्या मुलीला वाचून दाखव किंवा नको दाखवूस, पण तिच्या वह्या तपासायला बसत असशील तर आजपासून बंद कर. आणि चाळीसचं गणित तिनं ऐकलं तर मला शिव्या घालू नकोस.

पोर ऑगस्टच्या शेवटी जाणार. ट्रलीहून गाडी बदलून यायचं जिवावर येतं, मला माहीत आहे, तरी त्याच्या आत एकदा लेकीला घेऊन ये. दोघींना बोलू दे एकमेकींशी, आपण तिथं बसायचं नाही. आणि ती गेल्यावर तर नक्कीच ये गं, या घरात मग आम्ही तिघंच उरणार, आणि ज्याला मदत करायची असं समोर कुणी नाही. शनिवारी दुपारच्या गाडीनं निघ, मी रात्रीचा भात तुझ्या हिशेबानं लावते.